तीच कथा, मुलीच्या खात्यावर

पेढीवर घडलेला एकच व्यवहार दोन ठिकाणी उतरतो, हे व्यापारी घरातील मुलांना शाळेची पायरी चढण्यापूर्वीच ठाऊक झालेले असते. दिवसाचे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने आधी रोजकीर्दीत लिहिले जातात आणि मग तेच खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर नेऊन टाकले जातात. कीर्द वाचली की दुकानाचा दिवस कळतो. त्या दिवसात एखाद्या माणसाचे काय झाले, हे मात्र त्याचे खाते उघडल्यावाचून कळत नाही. नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला, पथाऱ्या लाल झाल्या की कीर्दीची पाने भराभर उलटतात. खतावणी मात्र रात्री दिवा लावून निवांतपणे करावी लागते.

कथांचेही असेच आहे. बहुतेक कथा कीर्दीसारख्या सांगितल्या जातात. सांगणारा एक असतो, तो बहुधा कर्ता पुरुष असतो, आणि त्याच्या नजरेसमोरून जे गेले तेवढेच पानावर येते. त्या कथेतील इतरांची खाती उघडण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. अमेरिकन लेखक जॉन स्कॅल्झी यांनी मात्र ते घेतले. २००७ साली त्यांची ‘द लास्ट कॉलनी’ ही विज्ञान कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक आहे एक निवृत्त सैनिक, एका मुलीचा पालक पिता. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, त्यांनी ‘झोईज टेल’ ही कादंबरी लिहिली. प्रसंग तेच, माणसे तीच, ग्रहही तोच; फक्त सांगणारी बदलली. ह्या वेळी ती हकिकत त्या घरातील सोळा-सतरा वर्षांची मुलगी झोई सांगते.

आपल्या वाचकांना ही कादंबरी एका कारणासाठी जवळची वाटावी. तिचा आरंभ ज्या परग्रहावर होतो, तेथील गावाचे नाव आहे ‘न्यू गोवा’. स्कॅल्झी यांच्या कल्पनेतील भविष्यकाळात परग्रहांवर वसाहती करावयास भारतासारख्या दाट वस्तीच्या देशांतून माणसे गेलेली आहेत. झोईचे वडील जॉन पेरी त्या गावात तंटे मिटविण्याचे काम करतात. त्यांच्या हाताखाली सावित्री नावाची एक हुशार, तिखट जिभेची भारतीय तरुणी आहे, आणि त्यांच्यापुढे येणारा ठळक तंटा आहे तो बकऱ्यांवरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांचा. ताऱ्यांच्या पलीकडे गेले तरी भाऊबंदकी सुटत नाही, असे लेखकाने कोठे म्हटलेले नाही. पण वाचताना ते मनात आल्यावाचून राहत नाही.

ह्या स्थिरावलेल्या घरापुढे एके दिवशी नवी कामगिरी येते. दहा निरनिराळ्या मानवी जगांतून निवडलेल्या सुमारे अडीच हजार लोकांना घेऊन ‘रोआनोक’ नावाची वसाहत उभी करावयाची आहे आणि पेरी दांपत्याने तिचे नेतृत्व करावयाचे आहे. हे नाव शुभ नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर रोआनोक नावाचीच वसाहत वसविली होती. १५८७ साली तेथे उतरलेली माणसे १५९० मध्ये शोधावयास गेलेल्यांना सापडली नाहीत. त्या वसाहतीत जन्मलेली व्हर्जिनिया डेअर ही अमेरिकेत जन्मलेली पहिली इंग्रज मुलगी होय. तिचे पुढे काय झाले हे आजवर कोणास समजलेले नाही. म्हणजे ह्या नावातच एका मुलीची न सांगितलेली कथा दडलेली आहे.

कादंबरीतील वसाहतवाल्यांची फसवणूक पहिल्याच दिवशी उघड होते. ज्या ग्रहावर जावयाचे म्हणून निघाले तो ग्रह हा नव्हेच. ४१२ परजातींच्या एका बलाढ्य संघाने इतरांना नव्या वसाहती करण्यास बंदी केलेली आहे आणि मानवी सत्तेने ह्या अडीच हजार माणसांना मुद्दाम दुसऱ्याच ग्रहावर दडवून ठेवले आहे. संघाला सुगावा लागू नये म्हणून संदेशवहनाची सारी आधुनिक साधने वर्ज्य. पुढे कळते की ते केवळ दडविलेलेही नाहीत. ते गळाला लावलेले आमिष आहेत.

वडिलांच्या पुस्तकात ह्या सर्वाचा राजकीय हिशोब आहे: कोणी कोणास फसविले, कोणता सेनापती कोणती चाल खेळला, कोणाच्या आज्ञेत काय दडले होते. तो चोख आहे आणि वेधकही आहे. परंतु त्यात दोन नोंदी अशा राहिल्या की वाचकांनी त्यांवर लेखापरीक्षकासारखे बोट ठेवले. पहिली नोंद त्या ग्रहावरील मूळ रहिवाशांची. जंगलात राहणारे, लांडग्यासारखे दिसणारे हे प्राणी वसाहतीतील माणसांवर हल्ला करतात, भय पसरते, आणि पुढे त्यांचा विषयच निघत नाही. दुसरी नोंद याहून मोठी. वसाहत नष्ट होण्याच्या बेतात असताना वडील झोईला दूर अंतराळात एका सेनापतीकडे धाडतात, आणि ती परतते तेव्हा तिच्याबरोबर शत्रूच्या शस्त्रांचे बळ शोषून घेणारे एक अद्भुत यंत्र असते. त्याच्या बळावर वसाहत वाचते. यंत्र आले कोठून? सतरा वर्षांच्या मुलीने ते कोणाकडून आणि कशाच्या मोबदल्यात मिळविले? वडिलांच्या कीर्दीत ह्याचे उत्तर जवळजवळ नाहीच. एवढी मोठी रक्कम जमा दिसते, पण पावती जोडलेली नाही. पेढीवर अशी रक्कम उचंत खात्यात टाकून ठेवतात आणि तिचा उलगडा होईपर्यंत मुनीमजींना झोप लागत नाही.

स्कॅल्झी यांनी आपल्या मनोगतात हे मोकळेपणाने मान्य केले आहे की, वाचकांच्या ह्या दोन तक्रारी दुसरे पुस्तक लिहिण्यामागे होत्या. लेखकाने आपल्या कथेतील तूट कबूल करावी आणि ती भरून काढण्यासाठी नवे कलम न घालता दुसऱ्या पात्राचे खाते उघडावे, ही गोष्ट थोडी दुर्मीळ आहे.

ते खाते उघडले की काय दिसते? आधी दिसते ते कंटाळलेले, एकमेकांना धरून राहिलेले तरुण जग. साधने बंद झाल्याची नोंद वडिलांकडे प्रशासकीय अडचण म्हणून आहे. झोईकडे ती तिच्या वयाच्या मुलामुलींच्या हातून सारे संगीत, सारी करमणूक एका रात्रीत काढून घेतल्याची नोंद आहे. मग ही मुले वाद्यांवाचून, नुसत्या गळ्याने एकत्र गाऊ लागतात. वडिलांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक. पण वसाहत म्हणून ती माणसे एकत्र आली ती कोणत्या सभेतील ठरावाने की ह्या गाण्याने, असा प्रश्न पडावा इतके ते वर्णन जिवंत आहे. ग्रेचेन ही तिची जिवलग मैत्रीण, एन्झो हा तिच्या मनात भरलेला, कविता करणारा मुलगा, मॅग्डी हा उतावळा मित्र. वडिलांच्या पुस्तकात ही बहुतेक नुसती नावे आहेत. पुढे शत्रूच्या हल्ल्यात एन्झो मरण पावतो. कीर्दीत तो मृतांपैकी एक. झोईच्या खात्यात त्या एका ओळीने सारे पान काळे होते.

जंगलातील प्राण्यांचा उलगडाही येथेच होतो. मित्र अविचाराने रानात जातात, त्यांना सोडविण्यासाठी झोई मागोमाग जाते, आणि समोरासमोर उभी राहिल्यावर तिच्या लक्षात येते की ज्यांना सारे श्वापदे म्हणतात त्यांना बुद्धी आहे, त्यांचीही काही तक्रार आहे, आणि तिची फेड झाल्यावाचून ते मागे हटणार नाहीत. ती फेड अधिक रक्त न सांडता व्हावी इतके भान ती त्या घटकेस राखते. मोठ्यांच्या पंचायतीला जे कळले नव्हते ते एका मुलीला कळले. आणि पंचायतीला ते कळलेच नसल्याने वडिलांच्या पुस्तकातून तो विषय गळून पडला, हेही त्याबरोबर उमगते. लेखकाची मूळ चूक अशा रीतीने निवेदकाच्या अज्ञानात जमा झाली आहे.

पण ह्या पुस्तकाचा खरा गाभा निराळ्याच ठिकाणी आहे. झोईच्या मागे सावलीसारखे दोन परग्रहवासी वावरतात. ओबिन नावाच्या जातीचे हे दोघे. लहानपणी झोईने एका इंग्रजी बडबडगीतातून त्यांची नावे ठेवली, हिकरी आणि डिकरी. ओबिनांना बुद्धी आहे, परंतु ‘मी आहे’ ही जाणीव नाही. त्यांना ती यंत्राच्या साहाय्याने मिळाली ती झोईच्या जन्मदात्या वैज्ञानिक पित्यामुळे. त्या उपकाराची फेड म्हणून ही सारी जात झोईला पूज्य मानते. तिचे हसणे, रडणे, रुसणे ह्या दोघांच्या द्वारे टिपले जाते आणि ओबिनांपैकी प्रत्येक जण ते अनुभवून जगणे म्हणजे काय हे शिकतो. झोईला कोणी विचारलेले नाही. एका तहातील कलम म्हणून तिचे बालपण लक्षावधींपुढे मांडले गेले आहे. (घरातील मुलीचा प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक गुणपत्रिका नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणाऱ्या मंडळींनी ही पाने जरा सावकाश वाचावीत.)

ह्या पूज्यतेची किंमत ठरण्याची वेळ येते ती त्या यंत्राच्या प्रसंगी. यंत्र ज्यांच्यापाशी आहे ती कोन्सू नावाची जात सर्वांहून प्रगत आणि सर्वांहून गर्विष्ठ. ती मदतीच्या मोबदल्यात मागते ते हे, की झोईसाठी ओबिनांनी त्यांच्याशी प्राणांतिक झुंज द्यावी. झोईने नुसते ‘जा’ म्हटले तरी ते मरावयास तयार आहेत. तिच्या आईवडिलांचे, मैत्रिणीचे, साऱ्या वसाहतीचे प्राण दुसऱ्या पारड्यात आहेत. आजवर सर्वांनी तिला कोणाची तरी मुलगी, तहातील कलम, पूजेची मूर्ती म्हणून वागविले. आता तिला स्वतःच्या तोंडाने काही मागावयाचे आहे आणि त्या मागण्यात इतरांचे मरण आहे. आज्ञा देणे तिला जमत नाही. बापाच्या उपकाराचे ओझे उतरवून ठेवून ओबिनांनी आपला निर्णय आपण करावा, असा तिचा आग्रह आहे. वडिलांच्या पुस्तकातील बिनपावतीची ती जमा रक्कम किती भारी होती, हे येथे कळते. वडिलांनी मुलीला धाडले ते काळजावर दगड ठेवून. पण धाडल्यावर तिने काय भरले, हे त्यांनाही पुरते ठाऊक नव्हते.

युद्धाची वर्णने ह्या मासिकाच्या वाचकांना रुचतील असे नाही, आणि कादंबरीत इतर दोषही आहेत. झोई प्रत्येक वाक्याला चुरचुरीत उत्तर देते. सोळाव्या वर्षी इतकी हजरजबाबी मुलगी विरळा. पहिले पुस्तक न वाचता हे हाती घेणाऱ्यास मधले काही दुवे तुटक वाटतील, आणि मैत्री-रुसव्याची काही पाने लांबली आहेत. चाळिशीच्या उंबरठ्यावरील पुरुषाने कुमारिकेच्या आवाजात लिहावयाचे तर हे होणारच. स्कॅल्झी यांनाही ते अवघड गेले. आवाज खरा लागतो आहे की नाही हे पारखण्यासाठी त्यांनी हस्तलिखित स्त्रियांकडून वाचून घेतले. पुस्तक अर्पण केलेल्यांत त्यांची स्वतःची मुलगी आहे. २००९ च्या ह्यूगो पारितोषिकासाठी उत्कृष्ट कादंबऱ्यांच्या अंतिम यादीत हे पुस्तक पोहोचले होते. पारितोषिक दुसऱ्या पुस्तकास मिळाले.

विज्ञानकथेत मुलीला बोलती करण्यास इतका काळ का लागला, हे कोडे आहे. कारण ज्या कादंबरीपासून ह्या साहित्यप्रकाराचा आरंभ बहुतेक अभ्यासक मानतात ती ‘फ्रँकेन्स्टाइन’ मेरी शेली हिने १८१६ च्या उन्हाळ्यात लिहावयास घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१८ मध्ये पुस्तक निघाले ते लेखिकेच्या नावावाचून, आणि ते तिच्या पतीचे असावे असा अनेकांचा समज झाला. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, त्या कादंबरीत कथा सांगणारे तिघे आहेत: एक दर्यावर्दी, एक वैज्ञानिक आणि त्याने घडविलेला तो अभागी जीव. एलिझाबेथची पत्रे मध्ये येतात, तेवढेच. अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेल्या कथेत निवेदन करावयास मुलगी नाही! आपल्याकडे बंगालमधील रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ह्या इंग्रजी कथेत स्त्रियांच्या हाती कारभार असलेले, सूर्याच्या उष्णतेवर चालणारे राज्य रंगविले. ती सांगणारी स्त्री आहे, मुलगी नव्हे. पण तो काळ पाहता ते धाडस लहान नव्हते.

मराठीत विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे डॉ. जयंत नारळीकर यांची एक आठवण ह्या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता, म्हणजे परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कोण सांगतो यावर ऐकणाऱ्याचा कान कसा बदलतो, हे त्या थोर वैज्ञानिकाने पुरते ओळखले होते. तरीही त्यांच्या पिढीच्या मराठी विज्ञानकथेत बोलणारा बहुधा शास्त्रज्ञ, प्राध्यापक नाही तर पत्रकार असतो. दहावीतील मुलगी असलीच तर ती प्रश्न विचारते आणि काका किंवा बाबा तिला उत्तर समजावून सांगतात.

जैन वाचकाला मात्र हा प्रयोग परका वाटू नये. नेमिकुमारांची वरात, वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश, त्यांचे माघारी फिरणे आणि गिरनारवर जाणे ही कथा घरोघरी ठाऊक आहे. ती नेमिनाथांच्या बाजूने सांगितली तर वैराग्याची कथा होते. पण मंडपात सजून बसलेली राजुल काय करीत होती? उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात तिला स्वतःचा आवाज आहे, आणि डळमळलेल्या रथनेमीला ती ज्या शब्दांत सावरते त्यांत ती कोणाची वाग्दत्त वधू एवढीच उरत नाही. पुढे जुन्या गुजराती जैन कवींनी तर राजुलच्या मुखाने बारमासे रचले. बारा महिन्यांतील प्रत्येक ऋतू तिच्या डोळ्यांतून पाहिला, सखीशी तिचा संवाद मांडला. विनयचंद्रसूरींची ‘नेमिनाथ चतुष्पदिका’ ही अशा रचनांतील फार जुनी. नेमिनाथांच्या त्यागाला त्यामुळे उणेपणा आला नाही. त्या त्यागाचे मोल दुसऱ्या खात्यावरही पडले होते, एवढे वाचकास कळले. एका सत्याच्या अनेक बाजू असतात हे तत्त्व व्याख्यानात ऐकणे निराळे आणि तीच कथा राजुलच्या जागी बसून ऐकणे निराळे.

आपल्या घरांच्या कथा तरी कशा सांगितल्या जातात? दुकान तळोद्याहून नंदुरबारला कधी आले, नवापूरचा भागीदार कसा सुटला, कोणत्या साली बिऱ्हाड सुरतेला हलविले, हे सारे आजोबा तपशिलाने सांगतात. व्यवहाराचा आकडाही त्यांना तोंडपाठ असतो. त्या साली घरात चौदा वर्षांची एक मुलगी होती. शाळा मध्येच सुटली, मैत्रीण मागे राहिली, नव्या गावी भाषा निराळी आली, रात्री आई-वडील हळू आवाजात काय बोलत हे तिने अंथरुणातून ऐकले. पुढे ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली आणि त्या घराच्या कीर्दीत नव्या नावाने आली. दिवाळीच्या सुटीत एखाद्या आत्याला तेवढे एक साल विचारून पाहावे, आणि ते तिच्या नातीला लिहावयास सांगावे. नात विज्ञानकथेची वाचक असेल तर तिने हवे तर दुकान चंद्रावर न्यावे. हिशोबात फरक पडत नाही.

नंदुरबार शहराची जी हकिकत सर्वांत अधिक वेळा सांगितली जाते तिच्यातही एक खाते असेच उघडावयाचे राहिलेले आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘भारत छोडो’ आंदोलनातील मुलांची मिरवणूक गावातून निघाली. गुजराती व्यापारी घराण्यातील शिरीषकुमार मेहता तिच्यात पुढे होता. २८ डिसेंबर १९२६ चा त्याचा जन्म. सोळावे वर्ष अजून पुरे व्हावयाचे होते. हकिकत अशी सांगतात की पोलिसांची बंदूक मिरवणुकीतील मुलींच्या दिशेने रोखली गेली, तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला आणि गोळी घालावयाची तर मला घाला म्हणाला. तो पडला आणि त्याच्यासह लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही आणखी चार मुले गेली. माणिक चौकातील स्मारकापाशी दर वर्षी ९ सप्टेंबरला शाळेची मुले येतात, त्या पाचांची नावे घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत.

हकिकतीत त्या मुली एका शब्दात येतात: ‘मुली’. बंदुकीची नळी आधी त्यांच्याकडे वळली होती. आपल्यापुढे एक पाठ येऊन उभी राहिलेली त्यांनी पाहिली, आवाज ऐकला, आणि त्या संध्याकाळी त्या याच गल्ल्यांतून आपापल्या घरी परतल्या. घरात कोणी दिवा लावला होता का, आईने काय विचारले, दुसऱ्या दिवशी शाळेच्या पिशवीत कोणी काय भरले, हे त्यांच्या लेकी-सुनांना कदाचित ठाऊक असेल. त्या लेकी-सुनाही आता सत्तरीच्या पुढे गेल्या असतील आणि त्यांच्यापैकी काही अजून नंदुरबारातच राहत असतील.